बारा कळ्यांचं आभाळ

आमच्या गल्लीत कुणी नवं राहायला आलं की त्याचा हमखास गैरसमज होतो. आमच्या ह्यांना सगळे "मास्तर, मास्तर" म्हणतात ना, त्यामुळे जून उजाडला की कुणीतरी पोराचा हात धरून दारात उभं. "मास्तर, अ‍ॅडमिशनचं जरा बघा की." मग मला सांगावं लागतं, बाबा रे, हे शाळेचे मास्तर नाहीत, कातरीचे मास्तर. कटिंग मास्तर. स्वतः सातवीपर्यंत शिकलेत, आणि सातवीतसुद्धा भूगोलात गटांगळी खाल्ली होती.

भूगोलाचं मुद्दाम सांगतेय, कारण ह्याच माणसाच्या हातात पुढे अख्खी पृथ्वी आली. पृथ्वी आली ती आली, पाठोपाठ आभाळही आलं. आणि ते आभाळ वाचलं कुणामुळे, तर माझ्यामुळे. टिमकी वाजवत नाही मी. जे झालं ते सांगते.

मी मंगला, सुकदेव पाटलांची बायको. गाव आमचं पारोळ्याकडचं, पण तीस वर्षं झाली सुरतेत, लिंबायतमध्ये. पाटलाच्या पोरानं नांगर सोडून कातर धरली म्हणून गावातले लोक अजून हसतात. हसू देत. नवरात्रीला अख्खं गुजरात जे चणिये, म्हणजे घेरदार घागरे, घालून गोल गोल फिरतं ना, त्यातले हजारो चणिये आमच्या मास्तरांच्या कातरीखालून गेलेत. उधन्याला एका शेठच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही, कळ्या कापल्या.

कळी म्हणजे काय, तर वर निमुळता आणि खाली रुंद असा कापडाचा तुकडा. बारा, सोळा, चोवीस कळ्या जोडल्या की चणियाचा घेर होतो. कळ्या कापणं एक वेळ सोपं. पण कंबरेशी सगळी टोकं चुणी न पडता बसवायची, तिथे भले भले शिंपी घाम पुसतात. आमच्या मास्तरांच्या चणियाला कंबरेशी चुणी दाखवा आणि माझ्याकडून किलोभर जिलेबी घेऊन जा, असं मी बायकांना सांगायचे. आजपर्यंत एकीनंही जिलेबी नेली नाही.

लेबल मात्र आत शेठचं असायचं. कधी लहर लागली की मास्तर म्हणायचे, "मंगला, एक तरी चणिया आपल्या लेबलाचा जायला पाहिजे गं." मी म्हणायचे, "चणियाच्या आत डोकं घालून लेबल वाचायला जातंय कोण?" तेव्हा मला काय ठाऊक, एक दिवस मीच डोकं घालणार आहे!

तर दोन वर्षांपूर्वी शेठनं लेसरचं मशीन आणलं. कंप्युटरला माप सांगायचं, उजेडाची रेघ फिरते, कळ्या कापून तयार. ना खडू, ना कातर, ना मास्तर. शेठ माणूस वाईट नव्हता. मिठाईचा बॉक्स हातात देऊन म्हणाला, "मास्तर, खूब काम किया, अब आराम करो." घरी आले, कातर जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि पेटीत तळाला, माझ्या लग्नातल्या शालूच्याही खाली घातली.

आणि मग गप्प बसले. चार महिने गप्प! टीव्हीसमोर बसायचे, पण टीव्ही बघायचे नाहीत. भाजीत मीठ नाही टाकलं मी एकदा, मुद्दाम, तर तशीच खाल्ली. ज्या माणसानं आयुष्यभर माझ्या भाजीला नावं ठेवली तो माणूस अळणी वांगं गुपचूप खातो, तेव्हा बाईनं काय समजायचं? मला आरडाओरडा करणारा नवरा परवडतो. गप्प नवऱ्याची मला भीती वाटायला लागली. मी घरी चणियाच्या तुरपाईचं काम आणते. शेजारी बसून मी हातशिलाई करायचे, आणि हे कापडाकडे बघायचेसुद्धा नाहीत, मान फिरवायचे.

अशात भूपेंद्रभाई आले. नानपुऱ्यात राहतात, कॉलेजात प्रोफेसर होते, आता रिटायर. त्यांच्या बाई गरब्याच्या मोठ्या शौकीन. दर वर्षी त्यांचा चोवीस कळ्यांचा चणिया मास्तर घरी शिवून द्यायचे. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. आम्हाला वाटलं, लेकीबिकीचं काही शिवायचं असेल. पण रिक्षातून उतरवले दोन गोळे. पितळेच्या कड्यात अडकवलेले, लाकडी तिवईवर बसवलेले, मोठ्या कलिंगडाएवढे.

"सुकदेवभाई, ही माझ्या पणजोबांची जोडी," भूपेंद्रभाई म्हणाले. त्यांची भाषा गुजराती, पण आम्हाला काय, निम्मं आयुष्य तीच ऐकतो. एक पृथ्वीचा गोळा, एक आकाशाचा. दोनशे वर्षांपूर्वी आगबोटी यायच्या आधी कुठल्याशा शिडाच्या जहाजातून विलायतेहून सुरतेत उतरलेले. पृथ्वीचा ठिकठिकाणी फाटलेला, आणि आकाशाच्या गोळ्यावर तर एक मोठा पट्टाच ओलीनं गळून गेलेला, आतला पांढरा चुना दिसत होता. ज्या कॉलेजात ते तीस वर्षं शिकवत होते, तिथे काचेच्या कपाटात ही जोडी ठेवायची होती. नीट करणारा माणूस त्यांना सुरतेत मिळेना.

मास्तर म्हणाले, "साहेब, मी शिंपी. माझा काय संबंध?" चार महिन्यांतलं सगळ्यात मोठं वाक्य.

भूपेंद्रभाईंनी गोळा जवळ ओढला आणि नखानं एक बारीक रेघ दाखवली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत गेलेली. मग दुसरी. मग तिसरी. "गोल चेंडूवर सपाट कागद कसा बसेल, सुकदेवभाई? कापूनच बसवावा लागतो. बारा तुकडे आहेत. मला हे दिसलं आणि हिच्या चणियाची आठवण झाली. ही तर कळी आहे."

कळी म्हटल्याबरोबर मास्तर पुढे सरकले. चष्मा घातला. गोळ्याच्या डोक्यावर, जिथे बाराही टोकं एकत्र येतात, तिथे अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. आणि म्हणाले, "चुणी नाही." मग मला म्हणाले, "मंगला, एक चणिया सुलटा धर, एक उलटा धर, आणि घेराला घेर जोड. झाली पृथ्वी!" आणि उठून पेटी उघडली. माझा शालू बाजूला फेकला, चुरगळला सगळा, पण मी एक शब्द बोलले नाही. कातर बाहेर निघाली ना!

त्यानंतरचे तीन आठवडे विचारू नका. घरात पाय ठेवायला जागा नाही. बाजारातून संत्री आणली, साली कळ्यांसारख्या सोलल्या, सपाट करून बघितल्या, आणि संत्री मी खायची. मला खोकला झाला. मग कागद. भूपेंद्रभाईंनी हातकागद आणून दिला होता. पहिली कळी मापात कापली, खळ लावून एका जुन्या चेंडूवर चिकटवली, तर ती मापाबाहेर! कापड भिजलं की आटतं, कागद भिजला की पसरतो. त्यातही एका अंगानं जास्त पसरतो. "कागदालाही कापडासारखा उभा-आडवा धागा असतो गं," मास्तर मला असं सांगत होते, जसा काही कागदाचा शोध त्यांनीच लावला. खळ मी शिजवायची, मैद्याची, गुठळी न होऊ देता. गुठळी झाली की ओरडायचे. अहाहा, काय बरं वाटायचं ते ओरडणं!

पृथ्वीचा गोळा झाला. आमची नूतन, लेक आमची, कोसाडला दिलीय, ती रविवारी आली आणि तिनं त्यावर सुरत शोधून दाखवली. मोठ्या अक्षरात सुरत. मुंबई शेजारी बारीक. आणि तापी एवढीशी केसाएवढी, पण होती. पारोळा नव्हतं. मास्तरांनी पेन्सिल उचलली होती, मी हातावर चापट मारली.

मग घेतलं आभाळ. बारापैकी दहा कळ्या शाबूत, दोन शेजारशेजारच्या गायब. भूपेंद्रभाईंच्या लेकीनं परदेशातल्या कुठल्या संग्रहातल्या अगदी अशाच गोळ्याचे फोटो मागवून त्या दोन कळ्यांची छापील नक्कल पाठवली होती. मास्तरांनी ती बटर पेपरवर उतरवायची, तिथून हातकागदावर, शाईनं, आणि डकवायची. भरतकामाचे नमुने कापडावर उतरवण्यात त्यांचे केस पांढरे झाले, त्यांना हे काय अवघड? पण नक्कल हातात घेऊन अर्धा तास बघत बसले. मग गरजले. हो, गरजलेच. रागावले की मास्तर अहिराणीवर उतरतात.

"मंगला! हाई उलटं शे!"

त्या दोन कळ्यांवर होते सप्तर्षी. आता सप्तर्षी हे पुस्तकातलं नाव. आमच्या खान्देशात आम्ही धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, उन्हाळाभर झोपलेली माणसं. आम्हाला ती बाज. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले तीन चोर. म्हातारी जागी, म्हणून चोरांना बाज काही मिळत नाही, असं सासूबाई सांगायच्या. उन्हाळ्यात तिन्हीसांजेनंतर उत्तरेकडे तोंड केलं की बाज डावीकडे, चोर उजवीकडे. नकलेत चोर डावीकडे. मास्तरांनी कागद आडवा केला, वरचा खाली केला, कसाही फिरवला, तरी आभाळातल्यासारखी बाज काही जुळेना. शिवाय गोळा बनवणाऱ्या विलायती साहेबानं बाजेच्या जागी अस्वल काढलेलं आणि तीन चोरांना अस्वलाची शेपटी केलेलं, त्याचा राग वेगळाच.

"छापणाऱ्यानं उलट्या बाजूनं छापलंय," मास्तर म्हणाले. सुरतेत हे रोज होतं. नमुना कापडावर पालथा पडला की मोराचं तोंड उजवीकडचं डावीकडे जातं, आणि शंभर साड्या बाद. म्हणून मास्तरांनी आपल्या अकलेनं बटर पेपर पालथा घातला, चोर उजवीकडे आणले, दोन्ही कळ्या रंगवल्या आणि डकवून टाकल्या. टोकं अशी बसली की सांधा शोधून सापडू नये. शुक्रवारची दुपार होती. रविवारी सकाळी भूपेंद्रभाई जोडी न्यायला येणार होते.

मी चहा घेऊन गेले आणि बघते तर काय, शेजारच्या जुन्या कळीवर अस्वलाचं तोंड होतं ना, त्या तोंडाला येऊन चिकटलेली शेपटी! आणि गोळ्याभोवती एक तिरकी सोनेरी रेघ फिरते, सूर्याच्या वाटेची म्हणे, ती नव्या कळीपाशी येऊन तुटली आणि तीन बोटं खाली पुन्हा सुरू झाली. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात शिवणीवर पट्टे जुळले नाहीत तर कसं दिसतं, तसं.

मी म्हटलं, "अहो, शेपटी तोंडाला लागलीय."

मास्तर गोळ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता चूक कबूल करतील. छे! म्हणाले, "बरोबर. म्हणजे तोंडच चुकीच्या जागी आहे. ज्या साहेबानं हा गोळा बनवला, त्यानं बाराच्या बारा कळ्या उलट्या लावल्यात. दोनशे वर्षं कुणाला कळलं नाही. मी सुलट्या करून देतो. उद्या सकाळी दहाही भिजवून काढतो."

मी चहा बाजूला ठेवला. दोनशे वर्षांचा कागद! भिजवून काढला तर लगदा होईल. मी म्हटलं, "भूपेंद्रभाईंना फोन लावा, विचारा."

"विचारायचं काय? आभाळ मी बघितलंय का त्यांनी? फोन केलास तर बघ, मंगला. कातर जी पेटीत जाईल ती मग माझ्याबरोबरच बाहेर निघेल."

आता सांगा, मी काय करायचं होतं? फोन करावा तर गोळा वाचतो, पण माझा माणूस जातो. शेठनं एकदा मिठाई देऊन सांगितलं होतं की तुझी गरज नाही. आता बायकोनं पाठीमागून फोन करून सांगायचं की तुला अक्कल नाही? पुन्हा तेच अळणी वांगं, तोच मुका टीव्ही. आणि नाही करावा, तर एका भल्या माणसाच्या पणजोबांची वस्तू उद्या सकाळी बादलीत. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली माझी. नंबर काढून मी मोबाइल पदरात धरून बसले होते, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात लाईट गेली. मे महिना, संध्याकाळचे साडेसात-आठ, अख्ख्या लिंबायतचा अंधार. घरात उकडून जीव जायला लागला, तशी सगळी गल्ली आपापल्या गच्चीवर. आम्हीही गेलो. मास्तर कठड्याला टेकून वर बघायला लागले. एरवी सुरतेत तारे दिसतात कुठे? पण त्या दिवशी दिसले. "बघ," मला म्हणाले, "चोर कुठल्या बाजूला आहेत बघ." बघितलं. उजवीकडे. माणूस बरोबर होता आणि गोळाही वेडा वाटत नव्हता.

मी आपलं काम आठवलं. दुपारी एका चणियाची तुरपाई करताना सुई त्यातच राहिली होती. सुई मालात राहणं फार वाईट, नेसणारीला टोचली तर बदनामी होते. तो चणिया हवेला म्हणून गच्चीवरच्या दोरीला नाडीनं टांगला होता, नूतनच्या जुन्या हुलाहूपवर ताणून, घेर सुरकुतू नये म्हणून. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि खालून आत शिरले. सुई आतूनच दिसणार ना. चणिया पिवळा, त्यावर ओळीनं हत्ती छापलेले, सोंडा पुढे करून चाललेले.

सुई सापडली. ती काढून पदराला टोचली, आणि निघणार तर थबकले. दिवसभर मी हा चणिया मांडीवर घेऊन बसले होते, हत्ती सगळे उजवीकडे चालले होते. आणि आता डावीकडे? हे माघारी कधी फिरले? मी डोकं बाहेर काढलं, हत्ती उजवीकडे. आत घातलं, हत्ती डावीकडे. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, मंगलाबाईला उन्हाळा बाधला.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"ओ मास्तर! इकडे या!"

"काय झालं?"

"आत या, आत!"

"कशात आत?"

"चणियात!"

समोरच्या गच्चीवर कुसुमताईंचं सगळं घर, बाजूला प्रवीण रिक्षावाल्याचं. सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे. पण मी यांचा हात धरून ओढलाच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि त्रेपन्न वर्षांची बाई, एका चणियात. बाहेर हशा पिकला. कुसुमताई ओरडल्या, "मास्तर, गरब्याला अजून चार महिने आहेत हो!"

मी टॉर्च फिरवला. म्हटलं, "हत्ती कुठे चाललेत?"

"डावीकडे."

"बाहेर जाऊन बघा."

बाहेर गेले. "उजवीकडे," असा आवाज आला. मग कापडावर बाहेरून त्यांचं बोट टेकलेलं दिसलं, एका हत्तीवर. मी आतून त्याच हत्तीला बोट लावलं. मध्ये एवढंसं सुती कापड. मी म्हटलं, "तुम्ही आभाळ इथून बघितलंय, माझ्या जागेवरून. धाब्यावर झोपून. गोळा बनवणाऱ्यानं तुम्ही आता उभे आहात तिथून काढलंय. तो बरोबर आणि तुम्हीही बरोबर. गोळा हातात घेतला की माणूस आभाळाच्या बाहेर उभा राहतो."

मास्तर पुन्हा आत आले. टॉर्चच्या उजेडात त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता. हळूच म्हणाले, "म्हणजे आपण मझार शेतस." मझार म्हणजे आत. "जन्मभर आपण आभाळाची उलटी बाजू बघितली, मंगला. शिवणीची बाजू."

"सुलटी बाजू बघायला तुमच्याकडे आणून दिली होती देवानं, तर तुम्ही बादली भरून ठेवली!" मी म्हटलं. आणि मला रडूच आलं. चणियाला डोळे पुसणार होते, मास्तर म्हणाले, "ए, मालाला नको," आणि स्वतःच्या बाहीनं पुसले.

लाईट आल्याबरोबर खाली आलो. मास्तरांनी आपल्याच दोन कळ्यांवर ओला फडका ठेवला. ताज्या होत्या, म्हणून निघाल्या. चुरगळून केरात टाकताना तोंडातून अवाक्षर नाही. मला धाकधूक, आता पुन्हा गप्प होतात की काय. पण शनिवारी पहाटे उठून बघते तर खडू कानाला लावून बसलेले. "खळ शिजव. आणि गुठळी झाली तर याद राख."

शनिवारभर बसून दोन्ही कळ्या पुन्हा उतरवल्या. ह्या वेळी बटर पेपर सुलटा. डकवायच्या आधी मात्र एक कळी पालथी घालून तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहायला लागले. मी डोकावले तर हातानं झाकलं.

"काय लिहिता?"

"लेबल."

मी म्हटलं, वा! साहेबाच्या आभाळाला सुकदेव टेलरचं लेबल! पण सत्तावीस वर्षांची हौस, आणि तीही चिकटून कायमची झाकली जाणार, कुणाला दिसणार आहे? म्हणून सोडून दिलं. कळी बसली. अस्वलाच्या तोंडामागे मान आली, शेपटी शेपटीच्या जागी गेली, सोनेरी रेघ सरळ निघून गेली. डोक्यावर बारा टोकं एका ठिकाणी, चुणी नाही.

रविवारी भूपेंद्रभाई आले. आकाशाचा गोळा कड्यात हळूहळू फिरवला. बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "नव्या कळ्या कुठल्या?" मास्तर म्हणाले, "शोधा." त्यांना सापडल्या नाहीत. दोनदा फिरवलं तरी नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. म्हणाले, "हिला दाखवायला पाहिजे होतं." मी आत पाणी आणायला गेले.

मी पाणी घेऊन आले तेव्हा ते सांगत होते, "कपाटात माहितीची पाटी लागेल, सुकदेवभाई. दुरुस्ती कुणी केली, त्याचं नाव टाकतो. पूर्ण नाव सांगा."

आता बघा, हा माणूस लेबलासाठी जन्मभर झुरला. आणि म्हणतो काय, "नको साहेब. नाव लिहिलंय."

भूपेंद्रभाईंनी गोळा पुन्हा फिरवला, खाली वाकून बघितलं. "कुठे? दिसत नाही."

"तुम्ही बाहेर उभे आहात ना," मास्तर म्हणाले. "ते आतल्यांसाठी आहे."

रिक्षात जोडी चढली, मी साड्यांच्या जुन्या पिशव्या कोंबून दोन्ही गोळे घट्ट बसवले, आणि रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. दारात आम्ही दोघंच उरलो. मग मी सरळ विचारलं, "सुकदेव टेलर लिहिलं की सुकदेव पाटील?"

"तुन्हं नाव लिखं," मास्तर म्हणाले. "मंगला."

"माझं? माझं कशाला? काम तर तुम्ही केलं!"

"लेबल मास्तरचं असतं. चूक ज्यानं पकडली तो मास्तर." कानाचा खडू काढून खिशात टाकला. "बाजेच्या खाली लिहिलंय, म्हातारीच्या जागेवर. जागी होती ना ती."

दुसरी असती तर विरघळली असती. पण मी मी आहे. म्हटलं, "आडनाव टाकलंत का? ह्या लिंबायतमध्ये मंगला छप्पन आहेत!"

"एवढी जागा नव्हती," म्हणाले, आणि आत जाऊन विचारलं भाजी काय केलीय. वांगं होतं. पहिल्या घासालाच ओरडले, मीठ जास्त झालंय म्हणून.